गोळी कमरेची, घाव किडनीवर

कंबर धरली की माणूस आधी घाबरतो आणि मग निर्धास्त होतो. दोन्ही चुकीच्या जागी. घाबरतो तो किडनीच्या नावाने, निर्धास्त होतो ते मेडिकलमधून आणलेल्या दहा गोळ्यांच्या पाकिटावर. खरं आहे ते नेमकं उलट. कमरेच्या बहुतेक दुखण्यांचा किडनीशी काही संबंध नसतो. त्या दुखण्यावर आठवडेच्या आठवडे खाल्लेल्या गोळीचा मात्र असतो, आणि तो थेट असतो.

आधी भीतीचं बघू. किडन्या कमरेत नसतात. त्या पाठीत, शेवटच्या बरगड्यांच्या आड, कण्याच्या दोन्ही बाजूंना असतात. एकेकीची लांबी साधारण ११ सेंटिमीटर, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. किडनी दुखते तेव्हा बरगडी संपते तिथे, बहुधा एकाच बाजूला, खोलवर दुखतं. तुम्ही वाका, सरळ व्हा, कूस बदला, त्या दुखण्यात फरक पडत नाही. खडा अडकला असेल तर कळ कुशीतून जांघेकडे उतरते, मळमळतं, उलटी होते, माणसाला एका जागी बसवत नाही. जंतुसंसर्ग असेल तर हुडहुडी भरून ताप येतो आणि लघवीला जळजळतं.

आणि कंबर? ती उठता-बसता दुखते, ओझं उचलल्यावर धरते, आडवं झालं की सैलावते. उसण भरते, चमक निघते. नस दबली असेल तर मांडीच्या मागून पोटरीपर्यंत मुंग्या जातात. हे स्नायूंचं, सांध्यांचं, नसांचं दुखणं आहे. त्यासाठी सोनोग्राफीच्या रांगेत बसायची गरज नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. किडनीला खऱ्या अर्थाने संपवणारे आजार दुखतच नाहीत. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही किडनी निकामी होण्याची दोन सर्वांत मोठी कारणं, आणि दोन्ही वर्षानुवर्षं मुकाट्याने काम करतात. प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला जवळपास १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला जवळजवळ सगळा रक्तात परत घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. एवढी क्षमता असल्यामुळे निम्म्या गाळण्या गेल्या तरी माणूस चालतो, फिरतो, लग्नाच्या पंगतीत वाढतो. पाय सुजले, लघवीला फेस यायला लागला, रात्री पुन्हा पुन्हा उठावं लागलं, विनाकारण दम लागला, तोवर बराच उशीर झालेला असतो. पाठ दुखत नाही म्हणून किडनी ठीक आहे, ही समजूत पाठदुखीपेक्षा धोकादायक आहे.

आता गोळी.

डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, निमेसुलाइड, एटोरिकॉक्सिब. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, काम एकच. शरीरात दुखणं आणि सूज निर्माण करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं या गोळ्या बनू देत नाहीत. जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये अ‍ॅस्पिरिनचं हे गुपित उलगडलं आणि १९८२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. पण हीच प्रोस्टाग्लँडिनं किडनीत एक वेगळं काम करतात. शरीरातलं पाणी कमी झालं, रक्तदाब उतरला, उन्हात घाम गेला, जुलाब झाले, की किडनीकडे जाणारी बारीक रक्तवाहिनी हीच रसायनं उघडी धरतात. गोळी घेतलीत की हा आधार जातो. वाहिनी आकसते, किडनीला रक्त कमी पडतं. तरुण, धडधाकट, भरपूर पाणी प्यायलेल्या माणसाला दोन-चार दिवस याचा पत्ताही लागत नाही. साठी ओलांडलेल्या, मधुमेही, रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला लागतो.

रक्तदाबाच्या रुग्णांनी इथे जरा थांबून वाचावं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारखी औषधं किडनीच्या गाळणीतला दाब कमी करतात. ती किडनीच्या भल्याची आहेत, ती स्वतःच्या मनाने अजिबात थांबवायची नाहीत. पुष्कळदा त्यांच्या जोडीला लघवी वाढवणारं औषध असतं, कित्येकदा एकाच गोळीत. या दोघांवर कमरेसाठी डायक्लोफेनॅक घातलं की किडनीवर तीन बाजूंनी दाब येतो. त्यात एप्रिल-मेचा उन्हाळा किंवा दोन दिवसांचे जुलाब आले की क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, वाढायला वेळ लागत नाही. वेळेत लक्षात आलं आणि गोळी बंद केली तर किडनी बहुधा सावरते. लक्षात यायला मात्र कुणीतरी विचारावं लागतं. रक्तदाबाचे डॉक्टर वेगळे, हाडांचे वेगळे, आणि मेडिकलमधून आणलेली गोळी कुणाच्याच कागदावर नाही. ती कुणी विचारावी?

गिधाडांची गोष्ट अनेकांनी पर्यावरणाची गोष्ट म्हणून वाचली आहे. ती किडनीची गोष्ट आहे. एकेकाळी भारतात गिधाडं कोट्यवधींनी होती. नव्वदच्या दशकात ती पटापट मरायला लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. रोग शोधला, विषाणू शोधले, काही सापडेना. मेलेल्या पक्ष्यांच्या आतल्या अवयवांवर मात्र पांढरा थर सापडला, युरिक आम्लाचा. किडनी बंद पडल्याशिवाय तो तिथे साचत नाही. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या गिधाडांवरच्या संशोधनातून कारण बाहेर आलं: डायक्लोफेनॅक. लंगडणाऱ्या, दुखणाईत गुरांना ते टोचलं जात होतं. ते जनावर मेलं की गिधाडं मांस खायची आणि काही दिवसांत किडनी बंद पडून झाडावरून खाली पडायची. मुंबईच्या मलबार हिलवरच्या पारशी दोख्म्यांत गिधाडं उरली नाहीत, त्यामागचं मोठं कारण हेच. सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीचं इंजेक्शनही तीन मिलिलिटरच्या एका मात्रेपुरतं केलं. २०२३ मध्ये जनावरांसाठी अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि केटोप्रोफेनही बंद झालं.

माणसाची किडनी गिधाडाइतकी नाजूक नाही, हे खरं. म्हणूनच माणसासाठी ही औषधं अजून आहेत आणि योग्य जागी ती उपयोगीही आहेत. खडा अडकून तळमळणाऱ्या रुग्णाला डॉक्टर हेच औषध देतात आणि बरोबर देतात. पण गुराच्या अंगात टोचण्यावर देशाने कायदा केला, आणि तेच औषध आपल्या घरात आजी चहाबरोबर घेते. कुणी मोजत नाही, कुणी विचारत नाही.

कायदा माणसासाठीही आहे. डायक्लोफेनॅकची गोळी ‘शेड्यूल एच’मध्ये येते, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाही. पाकिटाच्या कोपऱ्यात ‘आरएक्स’ची खूण असते, खाली इशारा छापलेला असतो. आता आपल्या चौकातल्या मेडिकलमध्ये जा आणि ‘कंबर दुखतेय, काहीतरी द्या’ एवढंच म्हणा. चिठ्ठी कुणी मागेल का? वय, मधुमेह, रक्तदाब, काहीतरी विचारेल का? बहुतेक ठिकाणी गोळी पाकिटातून कापून हातावर पडते. चार गोळ्यांचा तुकडा कापला की नाव एका तुकड्यावर राहतं, घटक दुसऱ्यावर आणि मुदतीची तारीख तिसऱ्यावर. हा बेजबाबदारपणा आहे आणि तो रोज, सर्वांसमक्ष चालतो. अन्न व औषध प्रशासनाने गावोगावच्या दुकानांत जाऊन एवढी एक गोष्ट तपासली तरी कितीतरी किडन्या वाचतील.

दवाखान्यांनाही मोकळं सोडता येणार नाही. ‘डॉक्टर, सुई मारा, उद्या कामावर जायचंय.’ सुई मारली जाते. चार दिवसांनी पुन्हा. दर आठवड्याला कमरेची सुई घेणाऱ्या माणसाची लघवी आणि क्रिएटिनिन वर्षात एकदाही तपासलं जात नसेल, तर तो उपचार म्हणवत नाही.

माझा सगळा राग मात्र गोळी घेणाऱ्यावर नाही. ती कोण घेतं ते बघा. बीडची, जालन्याची, अहिल्यानगरची ऊसतोडीची टोळी घ्या. दिवाळीच्या आसपास ट्रकमध्ये संसार भरून ही माणसं साखरपट्ट्यात जातात आणि उन्हाळ्यापर्यंत फडावर राहतात. पहाटे अंधारात कोयता सुरू होतो. वाकून बुडख्याला तोडायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि एक दिवस चुकला की खाडा. दंड कापला जातो, उचल फिटत नाही. अशा बाईने कंबर धरली म्हणून विश्रांती घ्यायची कुठून? ती गोळी घेते आणि फडात उतरते. लघवीला आडोसा नसतो, म्हणून पाणी मोजून पिते. ऊन, घाम, कमी पाणी आणि वर वेदनाशामक गोळी. किडनीला मारायला याहून वेगळं काही लागत नाही.

याची धोक्याची घंटा दुसऱ्या ऊसपट्ट्यात आधीच वाजली आहे. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत ऊस तोडणाऱ्या तरुण पुरुषांच्या किडन्या मोठ्या संख्येने निकामी झाल्या. त्यांतल्या बहुतेकांना मधुमेह नव्हता, रक्तदाब नव्हता. उन्हातलं कष्टाचं काम आणि शरीरातलं आटलेलं पाणी हे तिथलं मुख्य संशयित कारण, आणि सोबत घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांकडेही बोट जातं. तिथल्या काही फडांवर पाणी, विश्रांती आणि सावली या तीन गोष्टी शिस्तीने दिल्यावर किडनीला इजा होण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं. पाणी, विश्रांती, सावली! हे द्यायला साखर कारखान्यांना कोणती नवी तंत्रविद्या लागते? हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी फडावर जाऊन क्रिएटिनिन तपासायला किती खर्च येईल? मळीवर, इथेनॉलवर बैठका होतात. एक बैठक कोयत्यासाठी घ्या.

हेच कोकणात भातलावणीच्या बाईला लागू आहे, विदर्भात कापूस वेचणारीला लागू आहे. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर किडनीच्या आजाराची तक्रार कित्येक वर्षांची. तिथल्या खाऱ्या पाण्याकडे लोक बोट दाखवतात. कारण कोणतंही असो, जिथे किडनीवर आधीच भार आहे तिथे दुखण्याची गोळी सहज हातात पडणं अधिक घातक आहे.

सवयीच्या गोळ्यांनी काय होतं, हे जगाला एकदा कळून चुकलं आहे. स्वीडनमध्ये हुस्कवार्ना नावाचं कारखान्याचं गाव आहे. १९१८ च्या फ्लूच्या साथीत तिथल्या हियोर्टन नावाच्या डॉक्टरने तयार केलेली पूड लोकप्रिय झाली. तिच्यात फेनासेटिन, फेनाझोन आणि कॅफिन होतं. साथ गेली, पूड राहिली. कामगार अंगदुखीसाठी, थकव्यासाठी, पुढे नुसतंच सवयीने ती रोज घेऊ लागले. काही दशकांनी त्या गावात किडनीच्या आजाराने माणसं मरू लागली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी पुडीपर्यंत माग काढला. फेनासेटिन आज बाजारात नाही. रोज एक घेऊन कामावर जायची सवय आहे, आणि ती आपल्याकडे जोरात आहे.

मग लोक म्हणतात, इंग्रजी औषध नको, आपला काढा बरा. या बाजूलाही तेवढंच परखडपणे बोललं पाहिजे. ‘सांधे-कंबर दोन दिवसांत मोकळी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांत स्टेरॉइड आणि हीच वेदनाशामक औषधं मिसळलेली अनेकदा पकडली गेली आहेत. दोन दिवसांत आराम पडतो तो त्यांमुळे. आणि झाडपाला आहे म्हणजे अपाय नाही, हे साफ खोटं. नव्वदच्या दशकात ब्रसेल्समध्ये वजन उतरवण्याच्या गोळ्यांत एक चिनी वनस्पती गेली आणि शंभराहून जास्त बायकांच्या किडन्या बिघडल्या. दोषी ठरलं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल. केरळात बिलिंबीचा, म्हणजे आपल्या कोकण-गोव्यातल्या बिंबलांचा रस कोलेस्टेरॉल उतरवायला म्हणून प्यायलेल्या लोकांच्या किडन्या बंद पडल्याची नोंद डॉक्टरांनी केली आहे. त्या रसात ऑक्झॅलेट भरमसाट असतं. कर्मळ, म्हणजे बाजारात स्टार फ्रूट म्हणून मिळतं ते फळ, निरोगी माणसाने माफक खाल्लं तर सहसा बिघडत नाही. किडनी निकामी झालेल्या रुग्णाला त्याने उचकी, झटके आणि मृत्यूपर्यंत नेलं आहे.

‘किडनी साफ करणारं पाणी’ हा तर रोज सकाळी मोबाइलवर येणारा प्रसाद झाला आहे. कोथिंबीर उकळा, मक्याचे केस उकळा, उठल्या उठल्या दोन लिटर पाणी ढोसा. किडनी साफ करावी लागत नाही. साफ करणं हेच तिचं काम आहे आणि ते ती आत्ता, तुम्ही हे वाचत असतानाही करते आहे. निरोगी माणसाला कोथिंबिरीच्या पाण्याने फार बिघडणार नाही. पण हाच निरोप डायलिसिसवरच्या माणसाच्या हाती पडतो. त्याची लघवी कमी झालेली असते, डॉक्टरांनी त्याला पाणी मोजून दिलेलं असतं, पोटॅशियम जपायला सांगितलेलं असतं. तो प्रेमाने दिलेलं शहाळं पितो, रक्तदाबाला चांगलं म्हणून ‘लो सोडियम’ मीठ खातो. त्या मिठात सोडियम कमी करून त्याच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि वाढलेलं पोटॅशियम हृदय थांबवू शकतं. पुढे पाठवण्याआधी एवढा विचार करा.

मुतखड्याचा बाजार याहून मोठा. एसटीच्या वाटेवरची भिंत बघा: खडा हमखास पाडून मिळेल, ऑपरेशनशिवाय, पत्ता अमुक. १९५४ च्या औषधे व जादूई उपचार कायद्याच्या यादीत किडनीचा, मूत्राशयाचा आणि पित्ताशयाचा खडा स्पष्ट शब्दांत आहे. तो बरा करतो अशी जाहिरात करणं हा गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. भिंती रंगलेल्याच आहेत.

हे उपाय चालतात कसे? सोपं आहे. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतांशी आपणहून पडतात. त्या दिवसांत कुणी पानफुटी खाल्ली असेल तर पानफुटीने पडला, कुळथाचं कढण घेतलं असेल तर कुळथाने, बिअर प्यायला असेल तर मित्र छाती ठोकून सांगतो की बिअरने. कमरेचंही असंच. साधी उसण काही आठवड्यांत आपली आपण निघून जाते, आणि श्रेय घेतो तो शेवटचा चोळणारा, शेवटचा पट्टा, शेवटची गोळी. कुळथाचं कढण जरूर प्या, ते अन्न आहे. पण कळ थांबली म्हणजे खडा पडला असं नाही. अडकलेला खडा कधी कधी दुखायचा थांबतो आणि मागची किडनी हळूहळू फुगून संपते. खडा पडला की नाही हे सोनोग्राफीतच बघायचं. पुन्हा होऊ नये म्हणून दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायचं, मीठ कमी करायचं. दूध बंद करायचं नाही, जेवणातल्या कॅल्शियमने खडे वाढत नाहीत, उलट खडा घडवणारं ऑक्झॅलेट त्याने आतड्यातच बांधलं जातं.

मग कमरेचं करायचं काय? दुखणं खरं आहे, त्याला उत्तर हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरदुखी होती. यातल्या बहुतेकांच्या मणक्यात काहीही भयंकर नसतं. ‘मणक्यात गॅप आहे’ हे वाक्य ऐकून हजारो लोकांनी वाकणं सोडलं, नातवंडाला उचलणं सोडलं, काहींनी शेत बटाईने दिलं. पाठ कधीच दुखली नाही अशा लोकांचे एमआरआय काढून बघितले, तर विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या दिसल्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या. गादीची झीज बहुतेक वेळा केस पांढरे होण्यासारखी असते. तिची फिल्म काढून भिंतीला लावू नका.

अंथरुणाला खिळणं हा उपाय नाही, हे आता नक्की ठरलं आहे. एक-दोन दिवस जरा सांभाळा, शेक घ्या, लावायचं मलम लावा. मलमातलं औषध रक्तात फार कमी जातं. आणि हळूहळू चालायला लागा. ऑस्ट्रेलियात ७०१ माणसांवर एक प्रयोग झाला, २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या लोकांना टप्प्याटप्प्याने आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास चालण्यापर्यंत नेलं. त्यांची कंबर पुन्हा धरायला सर्वसाधारणपणे २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांची ११२ दिवसांत धरली. चालण्याला चिठ्ठी लागत नाही, क्रिएटिनिन वाढत नाही. पोटाचे, पाठीचे व्यायाम एकदा चांगल्या फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या आणि दुखणं गेल्यावरही सोडू नका. हंडा, पोतं, सिलिंडर उचलताना गुडघ्यात वाका, वजन अंगाशी धरा.

गोळी लागलीच तर? धडधाकट तरुणाने डॉक्टरांना विचारून चार-पाच दिवस घेतली तर आभाळ कोसळत नाही. पोट भरल्यावर, भरपूर पाण्याबरोबर, कमीत कमी मात्रेत आणि कमीत कमी दिवस. पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत किडनीला बरंच सुरक्षित आहे, पण नुकत्याच धरलेल्या कमरेला त्याचा फारसा उपयोग होत नाही, हे २०१४ च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. ‘साधी पॅरासिटामॉलची आहे’ म्हणून मिळणाऱ्या पाकिटामागची बारीक अक्षरंही वाचा. कितीतरी ब्रँडमध्ये सोबत अ‍ॅसिक्लोफेनॅक असतं.

काही कंबरदुखी मात्र घरी ठेवायची नसते. लघवी किंवा संडासवरचा ताबा गेला, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा आला, पायातलं बळ गेलं, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. कंबरदुखीसोबत रोजचा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी वेदना असेल तर मणक्याचा क्षय शोधावा लागतो. तो आपल्याकडे आजही आहे आणि औषधाने बरा होतो. अशा माणसाला महिनोन्‌महिने गोळ्या आणि पट्टा देत बसणं हे पाप आहे.

किडनीसाठी तीन तपासण्या पुरतात: रक्तदाब, रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन. मधुमेही, रक्तदाबाचे रुग्ण, साठीपुढचे आणि वरचेवर दुखण्याची गोळी घेणारे, या सगळ्यांनी वर्षातून एकदा त्या करायच्याच. क्रिएटिनिनचा नुसता आकडा बघून ‘नॉर्मल’ म्हणू नका, त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती वेगाने गाळते त्याचा अंदाज, विचारा. क्रिएटिनिन १.२ आलं तर पंचवीस वर्षांच्या तरुणाचा ईजीएफआर ८६ च्या आसपास निघतो आणि सत्तर वर्षांच्या बाईचा ४९. तीन महिन्यांहून जास्त काळ तो ६० च्या खाली राहिला तर तो किडनीचा जुनाट आजार. म्हणजे एकच आकडा मुलाला सोडून देतो आणि त्याच घरातल्या आजीला आजारी ठरवतो. प्रयोगशाळेच्या कागदावर मात्र आजीच्या आकड्यापुढे पुष्कळदा बाण नसतो. म्हणून तिला ‘सगळं ठीक’ सांगून गुडघ्याची आणखी एक गोळी दिली जाते.

महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. पैसे नव्हते म्हणून राहिलं, असं निदान या तीन तपासण्यांबाबत व्हायला नको. डायलिसिसही योजनांतून मिळतो, पण तो आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी चार तास, सोबत घरातलं एक माणूस आणि दोघांचीही बुडालेली मजुरी. तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याला जाणाऱ्या पहिल्या गाडीत हे लोक भेटतील. त्यांना विचारा, सुरुवात कशी झाली. बरेच जण मधुमेह सांगतील, रक्तदाब सांगतील, आणि पुढे सहज म्हणतील, गुडघ्याच्या गोळ्या चालूच होत्या.

तेव्हा या रविवारी एक काम करा. आईवडिलांच्या, सासूसासऱ्यांच्या गोळ्यांचा डबा त्यांच्यासमोर बसून उघडा. पाकिटांच्या मागचे घटक वाचा. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, निमेसुलाइड, एटोरिकॉक्सिब यांपैकी काही दिसलं तर ते किती दिवसांपासून आणि कुणाच्या सांगण्यावरून चालू आहे ते विचारा. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांना हात लावू नका. सगळा डबा पिशवीत घाला, त्यांना घेऊन सोमवारी डॉक्टरांकडे जा आणि क्रिएटिनिन तपासून घ्या.